उष्टी हळद

माझा भाऊ देवानंद एखादी गोष्ट ‘सहज’ विचारतो, तेव्हा ती त्याच्या पोटात कित्येक दिवस कुजत पडलेली असते. लहानपणापासूनचं आहे हे. बाबा तलावावरून मासोळी आणायचे, माय रांधायची, आणि जेवणं आटोपली की हा पठ्ठ्या माझ्याजवळ येऊन म्हणायचा, "बाई, सहज विचारतो, मरळीचं डोकं कोनाच्या ताटात गेलं?" म्हणजे ते मीच लपवून खाल्लं, हे त्याच्या मनात आधीच पक्कं झालेलं असायचं. खाल्लेलं बहुतेक वेळा बाबांनीच असायचं.

माय गेली तेव्हा तो शाळेत होता. पुढे माझं लग्न चंद्रपुरात झालं, तर मी नवऱ्याला आधीच सांगून टाकलं की हा पोट्टा माझ्यासोबत येईल. आला, शिकला, नागपूरहून आयटीआय करून ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टेक्निशियन झाला. क्वार्टर मिळालं, बाईक घेतली. बाबाही नाहीत आता. त्यामुळे त्याच्या लग्नात मायही मीच आणि करवलीही मीच, असा मामला होता.

मुलगी मीच शोधली. माधवी. चामोर्शीजवळच्या गावातली, आमच्यासारखीच मासोळी आणि धानावर जगणाऱ्या घरातली, एसटीत कंडक्टर. पाहायला गेलो तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आली, मान खाली घालून उभी वगैरे राहिली नाही, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "साखर कमी झाली असन तर सांगा, लाजू नका." मग मागच्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला आणि तिची गाडी भामरागडला कशी अडकली, ते सांगून तिने आम्हाला पोट धरून हसवलं. गाडीत एक शेळी होती, तिला तिकीट काढायला लावल्यावरून भांडण झालं होतं. देवानंद तर हसता हसता चहा सांडून बसला. परतताना हरणघाटच्या पुलावर त्याने स्वतःहून गाडी थांबवली, खाली वैनगंगेकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हेच पक्की." मला वाटलं, चला, सुटलो.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी सगळं बिघडलं, आणि तेही एका वाक्याने.

जेवणं चालली होती. माधवीची मावशी उर्वशीबाई, जाडजूड, हसरी, तोंडाला कुलूप नसलेली बाई, वाढता वाढता माझ्याशी बोलायला थांबली. म्हणाली, "आमच्या माधवीले हे दुसऱ्यांदा हळद लागन. पहिल्या खेपेले तर असी रडली, असी रडली, का सारी हळद धुऊन निघाली." आणि हसत पुढच्या पंगतीकडे गेली.

माझ्या बाजूला आमची प्रेमिला मामी बसली होती. तिने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की वळ उठला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पोरीच्या अंगाला हळद लागते ती एकदाच, लग्नाची. हळद लागून लग्न मोडलं, नवरदेव पळाला, मेला, काहीही झालं तरी ती पोरगी हळद लागलेली ठरते. पुढे तिचं जे होईल त्याला लग्न म्हणत नाहीत, पाट म्हणतात. तो संध्याकाळी होतो, वाजंत्रीशिवाय होतो. तिला कोणी हातही लावलेला नसला तरी चालत नाही. हळदीने लावला ना.

परतीच्या गाडीत मामी गप्प बसेल तर शपथ. "दुसऱ्यांदा म्हनली ते. तुमी सगळ्यांनी आयकलं. मंग पहिली कोनाची होती?" देवानंद समोर ड्रायव्हरजवळ बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान मला मागून दिसत होते.

त्यानंतर काही दिवस तो माझ्या घरी रोज ड्युटी सुटली की यायला लागला. यायचा, चहा प्यायचा, फोन पाहायचा. मी भांडी घासताना चोरून पाहिलं तर माधवी शेवटी कधी ऑनलाइन होती, तेवढंच पाहत बसलेला. मग एक दिवस आला तो शब्द.

"बाई, सहज विचारतो. ते मावशी काय म्हनून राह्यली होती?"

"तिलेच विचार ना."

"मी कसा विचारू? मी काही जुन्या विचाराचा नाई, बाई. हळद लागली का नाई लागली, मले काही फरक नाई पडत. ते मामीचं डोकं आहे. माझं एवढंच म्हननं आहे, का पहिले कोनी असन तर मले ठाऊक पाह्यजे."

"आनि असन तर?"

त्याने स्क्रीन अंगठ्याने वर सरकवली. मग फोनवरची नजर न काढता म्हणाला, "उष्टं ताट कोन घेते, बाई?"

माझ्या हातात पातेलं होतं. ते मी त्याच्या डोक्यात घातलं नाही, ही आमच्या मायची पुण्याई. कारण मला पिंकी आठवली. नागपूरला आयटीआय करताना हा त्या पोरीसोबत एका खोलीत वर्षभर राहिला. एकदा तिला माझ्याकडे घेऊनही आला. चांगली पोरगी होती, माझ्यासोबत बसून लाखोळीची भाजी खुडली तिने. मी मनात तिचं लग्नही लावून टाकलं होतं. पुढे तिचं नाव निघेना म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सोडली. जे पोट्टी लग्नाच्या पहिले माझ्यासंग राह्यली ते आनखी कोनासंग राह्यली नसन कशावरून?" तेव्हा मी त्याला दारातून हाकलून दिलं होतं आणि कित्येक दिवस घरात घेतलं नव्हतं. पण भाऊ तो भाऊ. दिवाळीला ओवाळायला बोलावलंच.

म्हणजे जुन्या विचारांची मामी हळदीचा हिशोब करत होती आणि नव्या विचारांचा भाऊ अंगाचा. दोघांना हवं होतं ते एकच, कोणाचा हात न लागलेली पोरगी.

"तू जाऊन ये ना चामोर्शीले," तो म्हणाला. "सहज गेल्यासारखी. बाजाराच्या दिवशी मावशी तथीच बसते."

मी गेले. खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठी जितकी गेले तितकीच माझ्यासाठीही गेले. संशय हा घरातल्या उंदरासारखा असतो, एकदा खुडबुड ऐकली की झोप लागत नाही. माधवीचं ते मोकळं हसणं आठवलं की आता मला वाटायचं, इतकं मोकळं कोणी उगाच हसतं का? खुर्ची ओढून बसली ती धीट म्हणून, की सवय झालेली म्हणून? पूर्वी कोणासमोर अशीच चहा घेऊन आली होती का? मला आवडलेल्या एकेका गोष्टीची मीच उलटतपासणी करत बसले होते. बसमध्ये कंडक्टर पोरगी तिकीट द्यायला आली, तर मी तिच्याकडेही नीट पाहून घेतलं. तिचा बिचारीचा काय संबंध?

चामोर्शीचा बाजार भरला होता. उर्वशीबाई सुक्या मासोळीचे ढीग मांडून बसली होती. मला पाहून तिला इतका आनंद झाला की मलाच चोरट्यासारखं झालं. तिने दुकान शेजारणीवर सोपवलं आणि जेवायला म्हणून मला ओढतच घरी नेलं. घर बाजाराच्या मागेच होतं. मला पाट दिला, पाणी दिलं आणि ती चुलीकडे वळली. मी नजर फिरवली तर समोर भिंतीवर तो फोटो.

माधवीच होती. पिवळीजक्क. चेहरा, हात, सगळी हळदीने माखलेली, अंगावर नवं लुगडं, गळ्यात फुलांचा जाड हार, डोक्यावर आंब्याच्या पानांचा मांडव. बाजूला एक पुरुष उभा, मिशीवाला, तिच्या डोक्यावर हात ठेवून. खाली तेलुगूत काहीतरी लिहिलेलं. म्हणजे खरंच होतं तर. लग्न झालेलं होतं. नुसतं झालेलं नव्हतं, तर हे लोक त्याचा फोटो भिंतीला लावून जेवायला वाढत होते आणि आम्हाला मात्र बोलले नव्हते.

"हा कोन, उर्वशीबाई?" मी विचारलं. आवाज सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला.

"तो? तिचा मामा," ती फुंकणीवरून मान वर करून म्हणाली. "आमचं माहेर सिरोंच्याचं ना."

मामा! तेलंगणाच्या बाजूला मामाशी लग्न लावतात, हे मी ऐकून होते.

"कवा झालं हे?"

"झालं असन... सातवीत होती ते. का आठवीत? पोट्टी शाळेतून रडत आली, पोट दुखते म्हने. मंग मीच पाहून सांगितलं तिच्या मायले का बाई, पोट्टी शहाणी झाली. आमच्या माहेरी शहाण्या पोट्टीले बसवतेत, हळद लावतेत, मामा लुगडं आनते, गावजेवन देतेत. त्याले आमी पहिली हळद म्हनतो. दुसरी लग्नाची." ती हसायला लागली. "साऱ्या गावासमोर बसवलं म्हनून असी रडली का इचारू नका. तुमच्याकडे नाई करत का असं?"

मी उठून फोटोजवळ गेले. आता दिसलं. हाराच्या आत मान केवढीशी. लुगड्याखालून शाळेचे मोजे. रडून सुजलेले डोळे. ते सगळं मघाशीही तिथेच होतं, मला दिसलं नव्हतं.

"आमच्याकडे नाई करत," मी म्हटलं. आमच्याकडे त्या दिवशी पोरीला कोपऱ्यात बसवतात आणि कोणाला सांगू नको म्हणतात. वैनगंगा ओलांडली की एका शब्दाचं एवढं होतं. त्यांनी पोर मोठी झाली म्हणून हळद लावली आणि आम्ही त्याच हळदीवरून तिला टाकायला निघालो होतो.

पोटभर जेवले मी त्या दिवशी. निघताना उर्वशीबाईने दारात माझ्याकडे पाहिलं. तिचं हसू जरा कमी झालेलं होतं. "सीताबाई," ती म्हणाली, "तुमी बाजाराले आल्या म्हने, पन तुमच्या हाती थैली नाई दिसत." मी चपला शोधू लागले. तिला कळलं ते कळलं.

देवानंद बसस्टँडवर घ्यायलाच आला होता. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा असा खुलला की क्षणभर मलाही बरं वाटलं. बाईकला किक मारता मारता तो शिट्टी वाजवू लागला. दुर्गापूरच्या वळणापर्यंत वाजवली त्याने. मग थांबली.

"बाई."

"काय?"

"मंग भामरागडचं राह्यलं."

"काय राह्यलं भामरागडचं?"

"गाडी अडकली होती ना पुरात. रात्री कुठी राह्यली ते? ड्रायवर कोन होता?" तो मान अर्धी वळवून म्हणाला. "सहज."

ज्या गोष्टीवर चहा सांडेपर्यंत हसला होता, तीच. मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि उतरून पायीच घरी गेले. त्याला सांगून टाकलं की आता माझ्याच्याने होणार नाही, तुला जे विचारायचं ते तूच विचार. मला वाटलं, लाजेल. तो कसला लाजतो. दुसऱ्या दिवशी माझ्याच घरी बसून, माझ्याच देखत, स्पीकर लावून त्याने फोन केला. मला ऐकवायचा होता म्हणे, म्हणजे नंतर मी त्याला दोष देणार नाही.

माधवी ड्युटीवर होती. मागे गाडीचा घरघराट ऐकू येत होता. याने फिरून फिरून विचारलं. आधी जेवण, मग हवापाणी, मग मागचा पाऊस, मग भामरागड.

"गाडीतच झोपलो सारे," ती म्हणाली. "परवाशी, मी, ड्रायवर, ते शेळी. काऊन?"

"नाई, सहज. ड्रायवर... वयानं कसा होता?"

मागचा घरघराट तेवढा ऐकू आला. मग ती म्हणाली, "आनखी काही विचाराचं आहे?"

"नाई नाई."

"मंग ठेवते. स्टॉप आला."

याने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाह्यलं? वय नाई सांगितलं."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. मांडववाला, डीजेवाला, सगळे ठरले होते. मी स्वतःला समजावलं की लग्न झालं, दोघं एका छताखाली आली, की हे आपोआप जिरेल. लोक असंच म्हणतात आणि मीही म्हटलं.

हळदीचा दिवस उजाडला. ऊर्जानगरच्या क्वार्टरसमोर मांडव घातला होता. सकाळीच आम्ही देवानंदला पाटावर बसवून हळद लावली. पहिला हात माझा. त्याच्या गालाला हळद लावताना तो लहानपणासारखे डोळे मिटून बसला होता, आणि मला गलबलून आलं. कसाही असला तरी हा पोट्टा मी वाढवला होता. त्याचं घर वसावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्या अंगाची उरलेली हळद पितळेच्या वाटीत काढली, वर रुमाल बांधला, हिरवी साडी आणि ओटीचं सामान घेतलं आणि मामीला व शेजारच्या बायांना गाडीत घालून मी करवली म्हणून निघाले. नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लागते आणि मगच तिला हळद लागली असं म्हणतात. ती पोचेपर्यंत नवरीकडे कोणी हळदीला हात लावत नाही.

माधवीच्या मांडवात शिरलो आणि मामी जागच्या जागी थांबली.

माधवी पाटावर बसली होती. आधीच पिवळी झालेली.

"आमची हळद पोचाच्या पहिलेच?" मामी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. तिकडच्या बाया खाली पाहू लागल्या. माधवीचे वडील रामाजीभाऊ हात जोडून पुढे आले, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माधवी उठली. "सीताबाई, जरा आत या," ती म्हणाली. "वाटी घेऊन या."

आतली खोली धानाच्या पोत्यांनी भरलेली होती. तिने दार लोटलं. इतक्या जवळून पाहिलं तर तिचे डोळे भिंतीवरच्या फोटोतल्यासारखे सुजलेले होते.

"तुमी मावशीच्या घरी गेल्या होत्या," ती म्हणाली. "मले तपासाले."

"हाव."

"त्यानं पाठवलं?"

"त्यानं पाठवलं. पन गेली मीच."

तिला बहुतेक दुसऱ्या उत्तराची अपेक्षा होती. तिने माझ्या हातातल्या वाटीकडे बोट केलं. "हे कोनाची हळद आहे?"

"देवानंदची."

"त्याच्या अंगाची उरलेली. उष्टी. बरोबर?"

"रीत आहे माय तसी."

"रीत मले ठाऊक आहे. म्हनूनच माझी मी पहिले लावली. मी एकच विचारते. तो माझ्याबद्दल साऱ्या दुनियेले विचारून राह्यला. त्याच्याबद्दल विचाराले माझ्याजवळ तुमीच आहा. तुमी वाढवलं त्याले." तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "त्याच्याजवळ कोनी होतं का?"

बाहेर बायांनी गाणं सुरू केलं होतं, उगाच, शांतता नको म्हणून. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. एवढासा शब्द. बहीण म्हणून तेच माझं काम होतं, आणि आमची माय असती तर तिने डोळ्यांची पापणी न हलवता म्हटलं असतं. मी पोत्यावर बसले.

"होती," मी म्हटलं. "नागपुरात. वर्षभर संग राह्यले."

"मंग लग्न काऊन नाई केलं?"

तेही सांगितलं. जसं तो बोलला होता तसंच, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. ताटाचंही सांगितलं. सांगताना मला माझ्या भावाची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ती ओरडली नाही, काही नाही. माझ्या शेजारच्या पोत्यावर बसली.

"ते होती म्हनून मी नाई चिडली, बाई," ती म्हणाली. "राह्यला असन. मानूस आहे. पन तिलेच तिच्यावरून सोडलं." तिने हातावरची वाळलेली हळद नखाने खरवडली. "गाडीत रोज कोन धक्का मारते, कोन हात लावाले पाह्यते. मी कसी राह्यली ते मी ठरवून राह्यली, माझ्यासाठी. कोनाच्या भेवानं नाई. मनात होतं, ज्याच्या घरी जाईन त्याले एक दिवस सांगन. मीच, हासत हासत, त्यानं न विचारता. आता त्यानं ड्रायवरचं वय विचारलं. आता ते सांगाचं म्हनजे हजेरी देल्यासारखं आहे. मी नाई देत."

मला तिचा हात धरावासा वाटला. धरला. तो हळदीने खरखरीत झाला होता.

तिने माझी वाटी घेतली, रुमाल सोडला, त्यातली हळद मागच्या दारातल्या तुळशीच्या कुंडीत रिकामी केली आणि दाराबाहेर जाऊन आपल्या हळदीचं भांडं आणलं. त्यातली चार बोटं आपल्या गालाला लावली, उरलेली माझ्या वाटीत काढली आणि रुमाल होता तसा बांधून दिला.

"हे माझी उष्टी," ती म्हणाली. "त्यानं हे लावली तर उद्या वरात घेऊन या. मी भामरागडचं, साऱ्या जन्माचं, सारं सांगन त्याले. नाई लावली तर नका येऊ." मग ती उभी राहिली. "आनखी काही विचाराचं आहे का, बाई?"

"नाई," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर मामी काय काय बोलली ते मी ऐकलं नाही. वाटी माझ्या मांडीवर होती. पुलावरून जाताना मी मनातल्या मनात देवानंदशीच बोलत होते. लाव रे बाबा. एक बोट लाव. तुझं काय जाते?

मांडवात डीजे चालू होता, पोरं नाचत होती. देवानंद खुर्चीवर बसलेला, गालावरची हळद सुकून भेगाळलेली. मी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. पिंकीचं मी बोलले, हेही सांगितलं. तो आधी लाल झाला. मग वाटीकडे पाहत राहिला. मला वाटलं, विचार करतोय. त्याने रुमाल सोडला, वाटी नाकाजवळ नेली आणि हुंगली.

"बाई," तो आवाज खाली करून म्हणाला, "असं काऊन करून राह्यली ते? जे पोट्टी साफ असते ते असं बोलन का?"

मी वाटीत बोटं बुडवली आणि त्याच्या गालाजवळ नेली. सकाळी जिथे लावली होती तिथेच. या तोंडावरची धूळ, शेंबूड, ताप, सगळं मी याच हाताने पुसलं होतं.

त्याने तोंड फिरवलं.

मी थोडा वेळ हात तसाच धरून उभी राहिले. त्याने पुन्हा वळून पाहावं म्हणून. तो खिडकीतून बाहेर, नाचणाऱ्या पोरांकडे पाहत होता. "लोक पाह्यतीन," तो म्हणाला.

मी हात न धुताच फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. तिने काही विचारायच्या आत मीच बोलले. "माधवी, उद्या वरात नाई येनार."

"तो नाई म्हनला?"

"त्यानं तोंड फिरवलं. नाई मी म्हनून राह्यली."

देवानंद झटकन वळला. "बाई, काय बोलून राह्यली तू? कोनाच्या परवानगीनं?" मी त्याच्याकडे पाठ केली. तिकडे माधवीचा श्वास ऐकू येत होता, रडण्यापूर्वीचा किंवा रडून झाल्यानंतरचा. मला मात्र रडू फुटलं. माझ्या भावाचं घर मी माझ्या हाताने मोडलं होतं आणि त्याबद्दल मला एवढंसंही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते दुसरंच. ही पोरगी माझ्या घरी येणार नव्हती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आनखी काही विचाराचं आहे?"

"नाई माय," मी म्हटलं. "काहीच नाई."

फोन ठेवला, पदराने डोळे पुसले, आणि डीजेवाल्याला गाणं बंद करायला सांगायला बाहेर गेले.